कोळशाच्या बेटावर हायड्रोजन

आमच्या वणी भागात कोळसा म्हणजे केवळ खनिज नव्हे, ते पोट आहे. माझे बाबा कोळशाच्या डेपोवर हमाली करतात. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. भूगोलाच्या तासाला सरांनी जर्मनीतील ड्यूसबर्ग बंदराची माहिती दिली. तेथील ‘कोळसा बेटा’वर आता हायड्रोजनची योजना आहे, असे ते म्हणाले आणि मी दचकलेच. त्यानंतर ग्रंथालयात बसून जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. ड्यूसबर्ग मात्र समुद्रापासून दूर, ऱ्हाईन व रूर या नद्यांच्या संगमावर आहे. जगातील सर्वांत मोठ्या नदीबंदरांत त्याची गणना होते. कोळसा आणि पोलाद यांवर ते वाढले. परंतु डिसेंबर २०१८ मध्ये जवळच्याच बॉट्रॉप येथे जर्मनीतील दगडी कोळशाची शेवटची खाण बंद झाली. पूर्वी जेथे कोळशाची चढउतार होई, त्या बेटावर २०२२ मध्ये कंटेनरच्या नव्या तळाचे बांधकाम सुरू झाले. सौर वीज, ती साठविणाऱ्या बॅटऱ्या आणि हायड्रोजनवर चालणारी इंजिने व इंधनघट यांची एकत्र जोडणी, अशी त्या तळाची ऊर्जायोजना आहे.

हायड्रोजन कोळशासारखा खणून आणीत नाहीत, तो बनवावा लागतो. पाण्यातून वीज सोडून एक किलो हायड्रोजन मिळविण्यास सुमारे ५० ते ५५ युनिट वीज खर्च होते, आणि त्यात ऊर्जा उरते सुमारे ३३ युनिटांची. म्हणजे हा ऊर्जेचा झरा नव्हे, रांजण आहे. वजनाच्या मानाने त्यात डिझेलच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा असते, पण साध्या दाबाला एका किलोस ११ घनमीटरांहून अधिक जागा लागते. म्हणून तो प्रचंड दाबाखाली भरावा लागतो, किंवा उणे २५३ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. हवेत ४ ते ७५ टक्के मिसळला की तो पेट घेऊ शकतो. मात्र तो हलका असल्याने चटकन वर निघून जातो. यास्तव टाक्या मोकळ्या जागी, वस्तीपासून अंतर राखून ठेवाव्या लागतात.

तेव्हा बंदराने योजना आखताना आधी टाकी नव्हे, गिऱ्हाईक पाहावे लागते. बंदरातील यंत्रांना लागणारा हायड्रोजन थोडाच, खरे मोठे गिऱ्हाईक शेजारचा पोलाद कारखाना. पण मार्च २०२५ मध्ये थिसेनक्रुप या पोलाद कंपनीने भाव फार चढे म्हणून हायड्रोजन खरेदीची निविदा थांबविली. गिऱ्हाईक नाही म्हणून उत्पादन वाढत नाही, आणि उत्पादन वाढत नाही म्हणून भाव उतरत नाही! दुसरी अडचण नदीची. २०१८ व २०२२ साली ऱ्हाईनचे पाणी इतके उतरले की जहाजांना अर्धामुर्धा माल घेऊन जावे लागले. त्यामुळे केवळ जहाजांवर विसंबून चालत नाही, नळवाहिनीही लागते.

हे सारे मी सुट्टीत बाबांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून एवढेच विचारले, “त्या गॅसले हमाल लागते का वं?”

उत्तर ‘नाही’ असेच होते. हायड्रोजन पाठीवर वाहावा लागत नाही. त्याला गळती शोधणारा, झडपा तपासणारा, दाबयंत्र सांभाळणारा शिकलेला हात लागतो. मला वाटते, गिऱ्हाईक, पुरवठा, साठवण आणि सुरक्षितता यांच्या बरोबरीने कोळसा उचलणाऱ्यांचे प्रशिक्षण हेही योजनेच्या पहिल्या पानावर असले पाहिजे, शेवटच्या नव्हे. आमच्या भागातील कोळसाही कधीतरी संपेल. तेव्हा बाबांचा प्रश्न कुणीतरी आधीच विचारलेला असावा, एवढीच इच्छा.