पूल कुणी बांधला, विचारलंय कधी?

जुना जालना आणि नवा जालना, मध्ये कुंडलिका. क्लास, कॉलेज, बाजार असं करत दिवसातून कितीदा पूल ओलांडतो, हे तुम्ही मोजत नाही, मीही नाही. पण 'पूल बांधणारा इंजिनिअर' म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? हेल्मेट घातलेला एक पुरुष. खरं सांगते, माझ्याही डोळ्यांसमोर तोच यायचा. शकुंतला भगत हे नाव मला या लेखासाठी वाचायला बसले तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पूलबांधणीतले नामवंत इंजिनिअर एस. बी. जोशी यांची ही मुलगी. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून त्यांनी १९५३ साली सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. त्या काळी या शाखेत शिकणाऱ्या मुली देशभरात बोटांवर मोजण्याइतक्या. पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मास्टर्स केलं आणि आयआयटी मुंबईत शिकवलं.

त्यांचं खरं काम मात्र याच्या पुढचं आहे. पती अनिरुद्ध भगत हेही इंजिनिअर. दोघांनी १९७० मध्ये 'क्वाड्रिकॉन' ही कंपनी सुरू केली. कल्पना ऐका. लहानपणी मेकॅनो खेळलात ना? ठरावीक मापाचे तेच तुकडे, पण जोडाल तशी नवी वस्तू. पुलाचंही तसंच करायचं. स्टीलचे ठरावीक मापाचे भाग कारखान्यात बनवायचे, जागेवर न्यायचे आणि तिथं जोडायचे. भाग तेच, पण पुलाची लांबी-रुंदी हवी तशी. या सगळ्याचा जीव जोडात असतो, आणि हे भाग जोडणारा खास सांधाही त्यांनीच शोधून काढला.

आपलं जालना स्टीलचं गाव. सळई रोज डोळ्यांपुढे असते, तेव्हा लोखंड वाहून नेणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आता डोंगरातला रस्ता आणि कामाला मिळणारे मोजके महिने डोळ्यांसमोर आणा. तिथं छोटे भाग नेऊन पूल उभा करता येणं किती मोठी गोष्ट, ते लगेच कळेल. क्वाड्रिकॉनचा पहिला पूल १९७२ मध्ये हिमाचलातल्या स्पितीत उभा राहिला. नव्या पद्धतीवर सरकारी खाती सहजी विश्वास ठेवत नव्हती, म्हणून दोघांनी स्वतःचे पैसे घातले. १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत त्यांचे ६९ पूल झाले होते.

शकुंतलाताई २०१२ मध्ये गेल्या. पुलांवरून लोक आजही जातात, नाव मात्र मागे राहिलं.

तुम्ही म्हणाल, नाव माहीत असून काय होतं? माझ्या एका मैत्रिणीला बारावीनंतर सिव्हिल घ्यायचं होतं. 'मुलगी उन्हात साइटवर उभी राहणार का?' एवढ्या एका प्रश्नावर घरातली चर्चा संपली. ती आज कॉम्प्युटर शिकतेय. मार्क चांगले आहेत, पण रस्त्यात कुठं बांधकाम दिसलं की तिची स्कूटी अजूनही थांबते. त्या दिवशी तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नव्हतं.

आता आहे. तुमच्या घरात बहीण फॉर्म भरायला बसली आणि हाच प्रश्न निघाला, तर गप्प बसू नका. स्पितीतल्या पुलाची गोष्ट सांगा.