बोटीतल्या पडद्याला दोन दांड्या का लागतात?

घरात पडदा लावताना निम्मे काम गुरुत्वाकर्षण करते. वर दांडी बसवली, पडदा ओवला, की कापड आपोआप ओळंब्यात येते. भिंतही ओळंब्यातच बांधलेली असते. बोटीत हा भरवसा संपतो. भिंत तिरकी, तळ हलता, कल सतत बदलता. तिथे पडदा जागच्या जागी धरून ठेवण्याचे सगळे काम दांडीवर येते.

इंग्लंडच्या कालव्यांतल्या नॅरोबोटींमध्ये हे फार स्पष्ट दिसते. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने तिथले कालवे आखताना बोट वर-खाली नेणारी लॉक सुमारे ७ फूट रुंदीची ठेवली. म्हणून आजही त्या वाटेने जाणारी बोट ६ फूट १० इंच, म्हणजे सुमारे २.०८ मीटर रुंद असते. कमानदार पुलांना आणि बोगद्यांना घासू नये यासाठी केबिनच्या भिंती वर जाताना आत झुकवलेल्या असतात. पडदा मात्र वरच्या दांडीपासून सरळ खाली उतरतो. भिंत खाली जाताना बाहेर सरकते आणि पडद्याची खालची कड काचेपासून सुटते. काचेजवळ गार झालेली जड हवा त्या फटीतून खाली ओघळते, तिची जागा घ्यायला वरून उबदार हवा पडद्यामागे शिरते आणि हे चक्र रात्रभर केबिन थंड करत राहते. यावरचा उपाय जुना आणि चोख आहे: कापडाला वर आणि खाली असे दोन्हीकडे नेफे शिवायचे आणि खिडकीखाली दुसरी दांडी बसवायची.

शिडाच्या बोटीत भिंत सरळ असली तरी अख्खी बोट कलते. वारा भरला की २० अंशांचा कल नेहमीचाच. अशा वेळी ४० सेंटिमीटर उंचीच्या पडद्याची मोकळी कड भिंतीपासून जवळजवळ १४ सेंटिमीटर दूर जाते. शिवाय लाटांवर तो सतत हेलकावतो आणि चौकटीला घासून विरतो. इथेही खालची दांडी हवीच.

दांडी निवडताना बहुतेक लोक आधी रंग आणि चकाकी पाहतात. मी आधी लांबी पाहीन. दोन आधारांमधले अंतर दुप्पट झाले, तर कापडाच्या आणि स्वतःच्या वजनाने दांडीला येणारा झोळ दुप्पट नव्हे, सोळापट होतो. म्हणून रुंद खिडकीला जाड दांडी आणण्याआधी मध्ये एक ब्रॅकेट देऊन पाहावे. दांडी पोकळ असली तरी बिघडत नाही. १२ मिलिमीटर व्यासाची आणि १ मिलिमीटर जाडीची नळी त्याच धातूच्या भरीव दांडीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही हलकी असते, पण तिचा ताठपणा निम्म्याहून जास्त टिकतो, कारण वाकण्याला विरोध मुख्यतः बाहेरच्या कडेचा धातू करतो. प्लास्टिकचे वेष्टण असलेली ताणाची स्प्रिंग स्वस्त पडते; छोट्या खिडकीला ती चालते, लांब खिडकीला तिचा झोळ लपत नाही.

मग धातू. समुद्राकाठच्या घरातल्या बिजागऱ्यांचे काय होते हे कोकणात सांगायला नको. बाजारात ‘पितळी’ म्हणून मिळणाऱ्या कितीतरी दांड्या पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या असतात. खिशात लोहचुंबक ठेवावा. तो चिकटला तर दांडी परत ठेवावी. कालव्याच्या गोड्या पाण्यावर, केबिनच्या आत, खरे पितळ वर्षानुवर्षे टिकते. खाऱ्या ओलीत मात्र त्यातले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबे उरते. दांडीपेक्षा बारीक स्क्रूला त्याचा धोका जास्त. समुद्रावर ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील उत्तम. त्यातले मॉलिब्डेनम क्षारांच्या माऱ्याला तोंड देते. ॲल्युमिनियमच्या दांडीत स्टेनलेसचा स्क्रू घातला आणि त्यावर खारा ओलावा बसला, की दोन धातूंमध्ये वीज वाहू लागते आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. मध्ये प्लास्टिकचा वॉशर ठेवला की हा संपर्क तुटतो. होकायंत्राजवळ तर लोखंडी दांडी नकोच, तिथे सुई भरकटते.

बसवताना स्पिरिट लेव्हल पेटीतच राहू द्यावी. नॅरोबोटीची पाण्याची टाकी बहुधा नाळेकडे असते. ती भरली की नाळ खाली जाते, रिकामी होत गेली की वर येते. सकाळी ‘समतल’ बसवलेली दांडी आठवड्याने खिडकीच्या चौकटीशी वाकडी दिसेल. दोन्ही टोकांची मापे चौकटीपासूनच घ्यावीत.

स्क्रूची लांबी हा त्याहून नाजूक मामला. आतल्या प्लायवुडच्या मागे उष्णतारोधक फोम असतो, वायरी असतात आणि त्यापलीकडे पोलादी पत्रा. लांब स्क्रू वायरीत घुसू शकतो. पत्र्याला टेकला तर बाहेरची थंडी त्याच्या डोक्यापर्यंत पोचते. हिवाळ्यात तिथे दव साचते आणि पडद्यावर गंजाचे ओघळ उतरतात. म्हणून ड्रिलच्या बिटाला हव्या तेवढ्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळावी आणि पट्टी लाकडाला टेकताच थांबावे. जाड ब्रॅकेटसाठी आधी प्लायवुडवर लाकडी पट्टी चिकटवून तिच्यात स्क्रू घ्यावा.

ब्रॅकेट उघड्या आकड्याचे नकोत, बंद कडीचे हवेत. लॉकच्या भिंतीला बोट आदळली की आकड्यातली दांडी उडून खाली येते. बंद कडीत एका बाजूला बारीक स्क्रूने दांडी अडवावी आणि त्या बाजूला दांडी ओढून काढता येईल एवढी जागा मोकळी सोडावी, कारण पडदे धुवायला तर काढावे लागणारच.