स्पिनचं गणित आणि धर्मट्टींचं अल्कोहोल

एमआरआयच्या यंत्रात शरीरातल्या हायड्रोजनची अणुकेंद्रं, म्हणजे प्रोटॉन, खरंच गरगर फिरतात का, असं एका वाचकाने विचारलं आहे. उत्तर 'नाही' असं आहे. स्पिन हा वस्तुमान किंवा विद्युतभारासारखा प्रोटॉनचा अंगभूत गुण आहे. त्याचं गणित मात्र अस्सल वळणांचं आहे.

हे गणित वोल्फगांग पाउलीने १९२७ मध्ये इलेक्ट्रॉनसाठी मांडलं. एक्स, वाय आणि झेड या तीन अक्षांसाठी दोन ओळी-दोन स्तंभांची एकेक सारणी; तिची निम्मी किंमत घेतली की झाला स्पिन ऑपरेटर. प्रोटॉनचा स्पिनही अर्धाच, म्हणून त्यालाही ते तसेच चालतात. गंमत अशी की या ऑपरेटरांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. प्रत्येक ऑपरेटर आपापल्या अक्षाभोवतीचं वळण ठरवतो, आणि वळणांचा क्रम बदलला की काय होतं ते करूनच बघा. एखादं पुस्तक मुखपृष्ठ आपल्याकडे येईल असं उभं धरा. त्याचा माथा पलीकडे आडवा पाडा, मग वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने काटकोनात वळवा. मुखपृष्ठ छताकडे राहील. आता पुन्हा पहिल्यासारखं धरून आधी वळवा आणि मग पाडा. मुखपृष्ठ डाव्या हाताला येईल!

पण पुस्तक एक पूर्ण फेरी मारून पूर्ववत होतं, प्रोटॉन होत नाही. ३६० अंशांनंतर त्याच्या तरंगफलाला, म्हणजे त्याची अवस्था सांगणाऱ्या गणिती राशीला, उणे चिन्ह लागतं; ते पुसायला ७२० अंश फिरावं लागतं. ही नुसती कागदावरची करामत नव्हे. १९७५ मध्ये दोन संशोधक गटांनी न्यूट्रॉनवर प्रयोग करून ती प्रत्यक्ष पडताळली.

एमआरआयमध्ये ही वळणं रेडिओलहरी देतात. दीड टेस्लाच्या चुंबकात त्यासाठी सुमारे ६४ मेगाहर्ट्झची लहर लागते. तिथे चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने असणाऱ्या प्रोटॉनांचं आधिक्य दर दहा लाखांमागे जेमतेम पाच! एवढ्याशा शिलकीतून अख्ख्या मेंदूचं चित्र उमटतं, कारण पाण्याच्या एका थेंबातही प्रोटॉनांची संख्या अफाट असते.

आणि इथे एक नाव घ्यायलाच हवं: एस. एस. धर्मट्टी. स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत असताना १९५१ मध्ये आर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासह त्यांनी साध्या इथाइल अल्कोहोलचा एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, एमआरआयच्या मुळाशी असलेलं तंत्र) संकेत तपासला. एकाऐवजी तीन रेषा मिळाल्या, एकास दोनास तीन या प्रमाणात. ओएच, सीएच-२ आणि सीएच-३ या गटांतल्या हायड्रोजनांची हीच तर संख्या! शेजारचे इलेक्ट्रॉन प्रत्येक गटातल्या प्रोटॉनला जाणवणारं क्षेत्र किंचित बदलतात. गणितात हे क्षेत्र झेड ऑपरेटरच्या गुणकात येतं; तो गुणक तेवढाच हलतो, आणि त्या हलण्यातून रेणूची रचना वाचता येते. आज औषधाच्या नव्या रेणूची ओळख पटवताना रसायनशास्त्रज्ञ हेच करतात.

ब्लॉख यांना एडवर्ड पर्सेल यांच्याबरोबर १९५२ चं नोबेल मिळालं. धर्मट्टींनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचं संशोधन उभं केलं. त्या तीन रेषा प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहेत, त्यांचं नाव क्वचितच दिसतं. रसायनाच्या शिक्षकांना विनंती आहे: फळ्यावर अल्कोहोलचा हा आलेख काढाल, तेव्हा शेजारी धर्मट्टींचं नावही लिहा.