फेकलेला दगड आणि ‘पृथ्वी’

मैदानावर मुले दगड फेकतात तेव्हा हात दगडाला क्षणभरच ढकलतो. हातातून सुटला की पुढचा प्रवास दगडाने मिळालेल्या वेगावर आणि गुरुत्वाकर्षणाच्या ओढीखाली करायचा. ‘बॅलिस्टिक’ क्षेपणास्त्राचे मूलतत्त्व हेच आहे. तेथे हाताचे काम रॉकेट करते.

भारताचे ‘पृथ्वी’ हे असे कमी पल्ल्याचे क्षेपणास्त्र. १९८३ साली सुरू झालेल्या एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रमात, डॉ. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली ते घडले. पहिली चाचणी २५ फेब्रुवारी १९८८ रोजी श्रीहरिकोटा येथून झाली. त्याच्या इंधनाचे दोन द्रव एकमेकांना भेटताच पेट घेतात. वेगळी ठिणगी लागत नाही. १,००० किलो भार घेऊन पल्ला १५० कि.मी.; पुढच्या आवृत्तीत भार ५०० किलो केला आणि पल्ला २५० कि.मी. झाला.

आता फळ्यावर ढोबळ हिशेब करू. हवेचा विरोध सोडून देऊ, कोन ४५ अंश घेऊ. मग पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण. १५० कि.मी.साठी वेग येतो सेकंदाला सुमारे १,२०० मीटर, म्हणजे आवाजाच्या साडेतीन पट! सर्वाधिक उंची सुमारे ३७ कि.मी. आणि सारा प्रवास जेमतेम तीन मिनिटांचा.

या सूत्रात वेगाचा वर्ग आहे, हे विसरू नये. वेगात एक टक्का चूक झाली तर पल्ल्यात दोन टक्के, म्हणजे तीन कि.मी. चूक होते. नेम लष्करी तळावर धरलेला असला, तरी तीन कि.मी.वर एखादे गाव असू शकते, शाळा असू शकते. म्हणूनच क्षेपणास्त्रातील घूर्णदर्शी आणि त्वरणमापक दिशा व वेगातील बदल सतत मोजतात आणि संगणक मार्ग सुधारतो.

ही यंत्रणा नीट चालते की नाही, हे कागदावर कळत नाही. इंजिन आधी जमिनीवर जखडून पेटवतात. मग उड्डाण समुद्राच्या दिशेने. किनाऱ्यावरची रडारे मार्ग टिपतात, आतील उपकरणे रेडिओने मोजमापे पाठवतात. फसलेल्या चाचणीतही ही मोजमापे हाती असली तर दोष सापडतो.

वर्गात पाण्याच्या नळीने वेगवेगळ्या कोनांत धार सोडून पल्ले मोजून पाहावेत. आणि शेवटी मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा : तीन मिनिटांत खालच्या माणसांना काय करता येईल? त्याचे उत्तर सूत्रात नाही. पण सूत्र शिकवताना तो टाळू नये, असे आम्हांस वाटते.