आलेख समजला, हें कसें ओळखावें?

आलेख पाहून ‘समजलें’ म्हणणें फार सोपें असतें. रेघ वर चढली कीं वाढ, खालीं उतरली कीं घट. एवढ्यावर बहुतेकांचें समाधान होतें. परंतु खरोखर समजलें कीं नाहीं, हें वाचकाच्या शब्दावर ठरत नाहीं. नेमका प्रश्न विचारून उत्तर ताडून पाहावें लागतें.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या विल्यम क्लीव्हलंड व रॉबर्ट मॅकगिल यांनीं १९८४ सालीं हेंच केलें. लोकांना आकृत्या दाखवून त्यांनीं विचारलें कीं, लहान भाग मोठ्या भागाच्या शेंकडा किती आहे? एकाच मोजपट्टीवर उभ्या स्तंभांविषयींचीं उत्तरें खऱ्या आंकड्याच्या पुष्कळ जवळ येत. भाकरीच्या चतकोरांसारख्या कापलेल्या वर्तुळाविषयींचीं त्या मानानें दूर जात. हा झाला डोळ्यांचा हिशेब.

डोळ्यांनीं नीट पाहिलें तरी बुद्धि चुकूं शकते. २०२० सालीं कोविडच्या साथींत अनेक वृत्तपत्रांनीं मृतांचे आलेख छापले, त्यांपैकीं पुष्कळांची उभी पट्टी साधी नव्हती. तिच्यावर दहा, शंभर, हजार, दहा हजार हे आंकडे समान अंतरावर मांडलेले असत. अशा पट्टीवर दहाचे शंभर झाले काय आणि हजाराचे दहा हजार झाले काय, चढ सारखाच दिसतो. म्हणजे नव्वदांची वाढ व नऊ हजारांची वाढ एकाच उंचीची! साथ किती पटीनें पसरते हें शास्त्रज्ञास पाहण्यास ही पट्टी उत्तम. घरीं बसलेल्या वाचकाची मात्र तिनें दिशाभूल होते. त्याच वर्षीं अमेरिकेंतील लोकांवर एक प्रयोग झाला. एकाच आंकडेवारीचा आलेख कांहींना साध्या पट्टीवर, कांहींना या दसपटीच्या पट्टीवर दाखविला, आणि दोन आठवड्यांपैकीं कोणत्या आठवड्यांत मृत्यु अधिक वाढले, असें विचारलें. पहिल्या गटांतील सुमारें ८४ टक्के लोकांनीं बरोबर उत्तर दिलें. दुसऱ्या गटांतील अवघ्या ४१ टक्क्यांनीं. सरकारनें काय करावें, याविषयींचीं मतेंही दोन्ही गटांत सारखीं राहिलीं नाहींत.

वाचकाचें हें कौशल्य मोजण्यासाठीं २०१७ सालीं संशोधकांनीं १२ प्रकारच्या आकृत्या व ५३ प्रश्न यांची एक कसोटी तयार केली. तिच्यांतील आकृत्या प्रामाणिक होत्या. शून्याऐवजीं मधल्याच आंकड्यापासून सुरू होणारी पट्टी, यांसारख्या युक्त्या वाचकास ओळखतां येतात काय, हें पाहणारी निराळी कसोटी २०२३ सालीं आली. तींत ‘या आलेखावरून सांगतां येत नाहीं’ हेंही कांहीं प्रश्नांचें बरोबर उत्तर आहे.