टाइप रेटिंग हवंय, पण शिकवणार कोण?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याच्याकडे हेलिकॉप्टरचं कमर्शियल लायसन्स आहे, डोक्यावर कर्ज आहे आणि एका छोट्या चार्टर कंपनीची नोकरी समोर आहे. अट एकच: एन्स्ट्रॉम ४८०बी या मशीनचं टाइप रेटिंग स्वतःच्या खर्चाने आणायचं. अमेरिकेतली एक फ्लाइंग स्कूल आगाऊ पैसे मागतेय. "दादा, भरू का?"

थांब रे बाबा, आधी ऐक.

स्विफ्टवर गाडी शिकलात, उद्या क्रेटा घेऊन निघालात, तर कुणी अडवत नाही. हेलिकॉप्टरचं तसं नसतं. टाइप रेटिंग म्हणजे अमुक मॉडेल उडवता येतं याची लायसन्सवरची नोंद. आपल्याकडे त्यासाठी डीजीसीएचा त्या मॉडेलवरचा 'टेक्निकल स्पेसिफिक' पेपर असतो, शिवाय प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणी.

बेल ४१२ किंवा डॉफिन असतं तर बेंगळुरूला हॅट्सऑफ आहे. एचएएल आणि कॅनडाच्या सीएईची ती भागीदारी, सिम्युलेटर तिथेच. एन्स्ट्रॉमचं गणित वेगळं. कारखाना मिशिगनमधल्या मेनोमिनी नावाच्या छोट्या गावात. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, कुलूप लागलं. त्याच वर्षी नव्या मालकाने ती परत उभी केली. मधल्या काळात कुणी कोर्सची आगाऊ फी भरून बसला असता तर? मशीन वाईट आहे असं मुळीच नाही. जपानचं लष्कर याच्याच भावंडावर, टीएच-४८०बीवर, पायलट घडवतं. पण ते प्रशिक्षक लष्कराचे, तुमच्या-आमच्या काय कामाचे!

आता खरी गोम. अमेरिकेत हेलिकॉप्टरला टाइप रेटिंग लागतं ते कमाल वजन १२,५०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ५,६७० किलोच्या वर असेल तरच. ४८०बी भरते जेमतेम १,३६० किलो. म्हणजे तिथली स्कूल तुम्हाला मनापासून शिकवेल, लॉगबुकमध्ये सहीसुद्धा करेल, पण 'टाइप रेटिंग' असं लिहिलेला कागद बहुधा मिळणार नाही. तिथे या मशीनसाठी ते लागतच नाही! फसवणूक कुणाचीच नाही, पण पैसे मात्र तुमचे गेले. युरोपात उलट: तिथे हलक्या हेलिकॉप्टरांनाही रेटिंग लागतं.

म्हणून पैसे भरण्याआधी डीजीसीएला लेखी विचारा: या संस्थेचं, या मशीनवरचं ट्रेनिंग चालेल का? परतल्यावर चाचणी कोण घेणार? फोनवर "हो हो, चालतं" म्हणणाऱ्यावर विसंबू नका, मग तो एजंट असो की सीनिअर.

स्कूल शोधायची तर गूगलपेक्षा कारखान्याला ईमेल करा. कोणत्या देशात कोण शिकवतं हे त्यांना माहीत असतं. स्कूलला विचारा की मशीन स्वतःचं आहे की भाड्याचं. एकच मशीन असेल आणि ते सुट्या भागासाठी तीन आठवडे हँगरमध्ये बसलं, तर हॉटेलचं बिल कोणाच्या खिशातून? इन्शुरन्सवाले किती तास मागतात तेही बघा, कधीकधी ते नियमापेक्षा जास्त मागतात.

आणि मला सगळ्यात आधी सुचलेला प्रश्न: चार्टर कंपनीकडे हे मशीन आहे, तर त्यांचा आत्ताचा पायलट कुठे शिकला? त्याला विचारलंस का?

नव्हतं विचारलं. काल त्याने फोन लावलाय, उत्तर आलं की पुढच्या भागात सांगतो.