चंद्रपूरच्या उन्हात कोणती वाइन चालते, आणि वैनगंगेपलीकडे तीच बाटली गुन्हा का ठरते?

एप्रिल उजाडला की सोशल मीडियावर 'उन्हाळ्यात प्यायच्या पाच वाइन' छापाच्या याद्या फिरायला लागतात. त्या बहुतेक मुंबई-पुण्याच्या लोकांनी, तिथल्याच हवेसाठी केलेल्या असतात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि तिथून तासा-दीड तासावरच्या गडचिरोलीत दारूबंदी आहे. इथे त्या याद्या कितपत कामाच्या?

आधी कायद्याचं बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 1 एप्रिल 2015 ला आली. तिच्यामागे गावोगावच्या बायकांनी वर्षानुवर्षं चालवलेला लढा होता, चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी काढलेला मोर्चाही होता. मग मे 2021 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली. बंदीत चोरटी दारू वाढली, असं सरकारचं म्हणणं होतं. घरातला पगार पुन्हा दुकानात जाणार, असं बंदीच्या बाजूच्या बायकांचं. हा वाद अजून मिटलेला नाही.

त्यामुळे आजची स्थिती अशी. मूल-सावली रस्त्याने व्याहाडपर्यंत चंद्रपूर जिल्हा, वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. अलीकडे दुकानातून रीतसर घेतलेली बाटली पलीकडे नेली, तर 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली कारवाई होऊ शकते. 'वाइन म्हणजे दारू नाही' हा युक्तिवाद पुलावरच्या नाक्यावर चालत नाही. वाइनमध्ये साधारण 11 ते 14 टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे बहुतेक बिअरच्या दुपटीने.

आता चंद्रपूरकरांसाठी वाइनचं.

इथे 'लोकल वाइन' म्हणजे खरं तर शेकडो किलोमीटरवरून आलेली वाइन. नाशिकची सुला, यॉर्क, ग्रोव्हर झम्पा किंवा अकलूजची फ्रातेल्ली. द्राक्षाला थंड रात्री लागतात, त्या नाशिकच्या पठारावर हिवाळ्यात मिळतात. म्हणून तिथे वेलीची छाटणी पावसाळ्यानंतर होते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. युरोपात तोडणी सप्टेंबरच्या आसपास असते.

एवढ्या प्रवासात आणि नंतर दुकानात खरा शत्रू एकच, उष्णता. तिशीच्या वर बराच काळ राहिलेली वाइन अक्षरशः शिजते. ताज्या फळाचा वास जाऊन मुरंब्यासारखा वास येतो, पांढरी वाइन पिवळट-तपकिरी होत जाते, बूच वर सरकतं किंवा कडेने चिकट ओघळ दिसतो. त्यामुळे इथे ब्रँडपेक्षा दुकान महत्त्वाचं. काचेच्या शोकेसमध्ये उन्हाकडे तोंड करून महिनोन्‌महिने उभी असलेली बाटली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. फ्रिजमधली मागा, फिरकीच्या झाकणाची असेल तर उत्तम. लेबलवरचं वर्ष बघा: पांढरी आणि रोझे जितकी ताजी तितकी बरी.

प्रकार निवडायचा तर उन्हाळ्यात पांढऱ्याला तोड नाही. सॉव्हिन्यॉं ब्लांक आंबटसर, लिंबू आणि कापलेल्या गवताच्या वासाची असते. सांबारवडीबरोबर (इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याच्या वाचकांसाठी) ती झकास जाते, कारण दोघींचा हिरवा वास जुळतो. शेनिन ब्लांक जरा गोडसर लागते आणि सावजी रश्शासमोर तीच टिकते. तिखटावर अल्कोहोल आणखी जाळतं, गोडवा ते शांत करतो. याच कारणाने ओकच्या पिंपात मुरवलेली जड शिराझ सावजीबरोबर मे महिन्यात घेणं म्हणजे तोंडात चूल पेटवणं. रेडच हवी असेल तर हलकी घ्या आणि तीही थोडी गार करून.

'रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी' हा सल्ला विसरा. ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंशांची. चंद्रपूरची खोली कूलर लावूनही तिशीच्या आसपास असते. पांढरी आणि रोझे 8 ते 10 अंशांना चांगली लागते. फ्रिज नसेल किंवा घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ टाका, पंधरा-वीस मिनिटांत बाटली गार होते. नुसत्या बर्फापेक्षा हे लवकर होतं, कारण पाणी बाटलीला सगळीकडून लागतं. आणि हे सगळं सूर्य मावळल्यावर. अल्कोहोलने लघवीवाटे पाणी जातं, दुपारच्या झळांमध्ये ते उष्माघाताला आमंत्रण. एका ग्लासाला दोन ग्लास पाणी.

इतकं झाल्यावर कुणीतरी विचारतंच: आपल्याकडे मोह आहे की! मोहाची वाइन का नाही?

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात आणि उजाडायच्या आत लोक वेचायला जातात. वाळलेल्या फुलात निम्म्याच्या आसपास साखरच असते. फुलं पाण्यात काही दिवस भिजवली की ती आंबते. तो 'सडवा', पोलिसांच्या धाडीच्या बातम्यांत असतो तोच. पुढे भट्टीवर त्याची वाफ धरून थंड केली की दारू होते. म्हणजे मोहाची दारू वाइन नाही, ती ब्रँडीच्या नात्यातली. न उकळता, स्वच्छ आंबवून गाळलेलं पेय मात्र वाइनच्या व्याख्येत बसू शकतं. हातभट्टीवाल्याला तो वेळ परवडत नाही, उलट आंबणं लवकर व्हावं म्हणून तो नवसागरही टाकतो. ती दारू कुठल्याच यादीत घालण्यासारखी नाही.

धोरणाचा फरकही मोठा आहे. द्राक्षाच्या वाइनसाठी महाराष्ट्राने 2001 मध्येच स्वतंत्र धोरण आणलं. मोहफुलं गोळा करण्या-नेण्यावरचे निर्बंध सैल व्हायला 2021 उजाडलं. 2022 मध्ये मोहाच्या मद्याचा 'देशी' शिक्का काढून त्याला 'विदेशी मद्या'चा दर्जा देण्याचं ठरलं. गडचिरोलीच्या जंगलातलं फूल कागदावर विदेशी झालं! त्याच वर्षी मध्य प्रदेशाने मात्र त्याला 'हेरिटेज मद्य' म्हणून मान्यता दिली आणि अलीराजपूरसारख्या आदिवासी जिल्ह्यात बचतगटांना ते बनवायला दिलं. आपल्याकडे डहाणूच्या एका डिस्टिलरीने महागडी मोहाची बाटली बाजारात आणली आहे.

गडचिरोलीत हे होऊ शकत नाही, आणि तिथल्या अनेक बायकांना ते व्हायलाही नको आहे. फूल वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या त्याच, वाघ-अस्वलाच्या भीतीत. नवऱ्याने प्यायल्यावर मार खाणाऱ्याही त्याच. म्हणून काही बचतगट मोहाचे लाडू आणि सरबत करतात. पुलापलीकडच्या वाचकाने उन्हाळ्यात मागवायचं असेल तर ते मागवावं. त्याला परवाना लागत नाही.